बाळाचा घास शिजवायचा कोणी?

बाळाचे उष्टावण आणि आईच्या रजेचा शेवटचा दिवस हे दोन प्रसंग नोकरदार घरांत आता जवळपास एकाच सुमारास येतात. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती मुदत कायम राहिली. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आणि ही रजा यांचा मेळ घालण्यात आला, हे योग्यच झाले. परंतु सहा महिने पूर्ण होताच ज्या कामाला आरंभ होतो ते काम आपोआप, कोणाच्याही वेळेत, कसेही उरकण्याजोगे आहे, असा समज या हिशेबामागे दिसतो. शिवाय या रजेपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. प्रकृतीच्या कारणाने जिला ती घ्यावी लागली, ती जेमतेम चार महिन्यांचे मूल घरी ठेवून कचेरीत रुजू होते. तिच्या बाबतीत उष्टावणाच्या मुहूर्ताआधीच रजेचे खाते संपलेले असते.

घरी केलेल्या फळाभाज्यांच्या बाळआहाराविषयी अलीकडे बरेच लिहिले आणि बोलले जाते. त्यात एक नवलाईचा सूर असतो. गाजर वाफवावे, भोपळा घोटावा, सफरचंद शिजवून गाळावे, हे जणू काल-परवा कोणी शोधून काढले आहे. वस्तुतः ज्या घरात पुरणयंत्र आहे त्या घराला हे शिकविण्याची आवश्यकता नव्हती. शिजलेले रताळे किंवा लाल भोपळा पुरणयंत्रातून काढला की त्याचे दोरे वर राहतात आणि खाली मऊ गर उतरतो. वर साजूक तुपाचा थेंब पडला की बाळाचा घास तयार. कोकणात मऊ भाताचे खिमट होते. देशावर मूगडाळ व तांदूळ भाजून भरड काढून ठेवण्याची रीत होती. पिकलेले केळे चमच्याने खरवडून भरविण्यास तर यंत्रही लागत नव्हते. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनाचा संस्कार सहाव्या महिन्यात सांगितला आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात आधी फलप्राशन आणि अन्नप्राशन त्यानंतर, असा क्रम आहे. आजच्या बालरोगतज्ज्ञाने मान डोलवावी असाच हा भाग आहे.

तथापि परंपरेच्या नावाने सर्वच गोष्टी पदरात घेण्याचे कारण नाही. नवजात बालकाला मध चाटविणे हीही परंपराच होती. मधात एका विशिष्ट जंतूची बीजे असू शकतात, ती तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष निर्माण करतात आणि म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये, हे आता निर्विवाद ठरले आहे. बाळगुटी उगाळताना सहाणेचे आणि बोटाचे काय होते, हाही प्रश्न आहेच. उलट, जुन्या पिढीला सरसकट अडाणी ठरविणाऱ्यांनीही थोडे थांबावे. आजच्या पुष्कळ आज्यांना त्यांच्या तरुणपणी चौथ्या महिन्यापासून फळांचा रस व भाताची पेज देण्यास डॉक्टरांनीच सांगितले होते. चार ते सहा महिने ही मर्यादा बदलून सरळ सहा महिने करण्याचा ठराव जागतिक आरोग्य परिषदेत २००१ साली झाला. भारताच्या १९९२ च्या बालान्नविषयक कायद्यातही बालान्न म्हणजे चार महिन्यांनंतर द्यावयाचे अन्न, अशी व्याख्या होती. ती २००३ मध्ये दुरुस्त करून सहा महिने करावी लागली. कायदेमंडळाला जे उमगण्यास अकरा वर्षे लागली, ते घरातल्या म्हातारीला आधी का उमगले नाही, असे विचारणे बरे नव्हे.

बाटलीबंद गराचा उगम

फळाभाज्यांचा गर बाटलीत भरून विकण्याचा धंदा अमेरिकेत जन्मला. मिशिगन राज्यातील फ्रीमॉन्ट या गावच्या गर्बर कुटुंबाचा डबे भरण्याचा कारखाना होता. १९२८ मध्ये त्यांनी बाळांसाठी गाळलेले वाटाणे, गाजर, पालक आणि सुकवलेले आलुबुखार यांचे डबे बाजारात आणले. सोय मोठी होती, यात संशय नाही. परंतु सोयीबरोबर घाईही आली. डबे खपावेत म्हणून बाळाने लवकर खावे, असा उलटा न्याय सुरू झाला आणि १९५० च्या दशकापर्यंत अमेरिकेत काही आठवड्यांच्या अर्भकालाही घन अन्न भरविले जाऊ लागले. पुढे डब्यांतील मीठ, साखर आणि चव वाढविणाऱ्या द्रव्यांवर टीका झाली, ती द्रव्ये कमी करावी लागली आणि १९७० च्या दशकात तेथील मध्यमवर्गीय आया पुन्हा हाताने फिरवायच्या गाळणीयंत्राकडे, म्हणजे थोडक्यात आपल्या पुरणयंत्राकडे वळल्या. १९८७ मध्ये बीच-नट या नामांकित कंपनीने बाळांसाठी म्हणून विकलेल्या सफरचंदाच्या रसात सफरचंद नव्हतेच, तर साखरपाणी आणि रसायने होती, असा गुन्हा कबूल केला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने बाळांच्या तयार अन्नातील शिसे, आर्सेनिक आदी जड धातूंविषयी अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा तेथे पुन्हा तोच वाद पेटला.

भारतात गोष्ट निराळ्या मार्गाने गेली. येथे बाटलीबंद भाजीचा गर फारसा आला नाही. आधी आली ती दुधाची भुकटी आणि मागून धान्याचे तयार पीठ. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची पद्धती बसविली आणि अमूलने ते बाजारात आणले, ही त्या काळची अभिमानास्पद घटना होती. परंतु डब्यावरच्या गुबगुबीत बाळाने घराघरांत जो संदेश पोचविला तो असा की, निरोगी मूल डब्यातून निघते. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी आचारसंहिता स्वीकारली. तिच्या विरोधात एकच मत पडले आणि ते अमेरिकेचे होते. भारताने १९९२ च्या कायद्याने डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापण्यास बंदी केली. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या तयार अन्नाची जाहिरातही निषिद्ध झाली. जगातील कडक कायद्यांत या कायद्याची गणना होते. तो कडक आहे म्हणूनच धंद्याला आडवाटा शोधाव्या लागतात: डॉक्टरांच्या परिषदा, औषधांच्या दुकानातील फळ्या, आणि आता दूरध्वनीच्या पडद्यावर आपल्या बाळाचा दिनक्रम दाखविणाऱ्या हौशी आया.

एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीची येथे आठवण करणे अगत्याचे आहे. नेस्लेचे जे धान्यपीठ युरोपातील बाळांना साखर न घालता विकले जाते, त्याच प्रकारच्या भारतातील पिठात एका वेळच्या खाण्यामागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास जादा साखर आढळली. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी कंपनीने साखरविरहित प्रकार आणण्याची घोषणा केली. भारतीय नियमांना ती साखर मंजूर होती, हे अधिक चिंताजनक होय. ज्या वयात जिभेला चवीची पहिली ओळख होते, त्या वयात गोडाची सवय लावण्यास कायद्याची आडकाठी नसावी, याचा जाब कंपनीइतकाच नियम करणाऱ्यांना विचारला पाहिजे.

भोपळ्याचा हिशेब

असे असले तरी घरगुती म्हणजे उत्तम, हे समीकरण मांडून मोकळे होता येत नाही. किंबहुना फळाभाज्यांच्या घरगुती गराविषयी जो उत्साह आज दिसतो, त्यातली मोठी फसगत येथेच आहे. आईच्या शंभर मिलिलिटर दुधातून बाळाला सुमारे ६५ ते ७० कॅलरी ऊर्जा मिळते. शंभर ग्रॅम शिजलेल्या लाल भोपळ्यातून मिळते ती विसाच्या आसपास. गाजरातून पस्तीसच्या घरात. दुधीचे तर नावच नको. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी मिळाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्या जर निव्वळ भोपळ्यातून द्यावयाच्या तर जवळजवळ किलोभर भोपळा भरवावा लागेल. सात-आठ किलो वजनाच्या आणि एका वेळी जेमतेम वाटीभर मावेल एवढ्या पोटाच्या जीवाला! म्हणजे पातळ, गाळलेला, रंगाने मोहक असा भाजीचा गर देऊन पोट भरते, पण ताकद मिळत नाही. वर तेवढ्याने दूध पिणे कमी होते, हा आणखी तोटा.

हाच दोष आपल्याकडील दुसऱ्या एका लाडक्या पदार्थात आहे. तो म्हणजे वरणाचे पाणी. डाळीतले सत्त्व पाण्यात उतरते, अशी सुशिक्षित घरांतही ठाम समजूत असते. डाळ वाटीच्या तळाशी राहते, ती मोठे खातात, आणि बाळाच्या वाट्याला पिवळसर पाणी येते. भाताची निवळ, मटणाचा गाळलेला रस्सा, मोसंबीचा रस ही सारी त्याच जातीची. चमचा वाकडा केला तरी घास खाली ओघळू नये इतके अन्न दाट हवे, ही साधी कसोटी अंगणवाडी सेविकांना शिकविली जाते. ती इंग्रजी शाळांतून शिकलेल्या घरांतही पोचली तर बरे.

मग फळाभाज्यांचे काम काय? काम मोठे आहे, पण ते सोबतीचे आहे. भोपळा, गाजर, पपई, आंबा यांतील पिवळे द्रव्य शरीरात अ जीवनसत्त्व बनते. मात्र त्यासाठी बरोबर तेल किंवा तूप हवे. चमचाभर तुपाने चाळीसहून अधिक कॅलरीही मिळतात, म्हणजे एकाच चमच्यात दोन कामे होतात. पेरू, आवळा, लिंबू यांतील क जीवनसत्त्वामुळे डाळी आणि पालेभाज्यांतील लोह अंगी लागण्यास मदत होते. आणि लोह हाच खरा पेच आहे. बाळ जन्मतःच लोहाचा साठा घेऊन येते, तो सहा महिन्यांच्या सुमारास ओसरतो. आईच्या दुधात लोह थोडेच असते. फळांत तर ते नगण्य. मासे, मांस यांतले लोह सहज अंगी लागते. ज्या घरांना ते चालते, तेथे सातव्या महिन्यापासून शिजलेल्या अंड्याचा घास देण्यास वैद्यकाची हरकत नाही. ज्यांना चालत नाही, त्यांनी डाळ, नाचणी, हिरव्या भाज्या आणि वर लिंबाचा थेंब यांची जोड नेमाने साधली पाहिजे आणि लोहाच्या थेंबांविषयी डॉक्टरांना विचारले पाहिजे. पाकिटातल्या पिठाच्या बाजूने एवढे कबूल करणे न्यायाचे आहे की त्यात लोह मिसळलेले असते. नुसता भात आणि सफरचंद भरविणाऱ्या घरापेक्षा त्या बाबतीत पाकीट सरस ठरू शकते.

नाचणीचे उदाहरण मुद्दाम द्यावे असे आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ही गोष्ट सर्वश्रुत झाली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला मोड आणण्याची चाल. मोड येताना धान्यात एक विकर तयार होते. ते पिठुळ भागाचे तुकडे पाडते, आणि त्यामुळे लापशी घट्ट गोळा न होता सैल राहते. परिणामी त्याच वाटीत पाणी कमी आणि पीठ अधिक घालता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात मोड आणलेल्या धान्याच्या पिठावर जे काम केले, त्याचा गाभा हाच होता. दाट लापशीत असे पीठ चिमूटभर मिसळले की ती बाळाला गिळण्याजोगी पातळ होते, ऊर्जा मात्र तेवढीच राहते. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बायकांना विकर हा शब्द ठाऊक नव्हता. मोड आणावेत हे ठाऊक होते. सत्त्व म्हणून वस्त्रगाळ करून कोंडा टाकून दिला तर त्याबरोबर पुष्कळ क्षारही जातात, एवढी सुधारणा त्या रीतीत करावी.

राहिला स्वच्छतेचा प्रश्न. उष्ण हवेत शिजलेला गर दोन तासांवर बाहेर ठेवू नये. पालक आणि बीट यांचा गर करून रात्रभर ठेवू नये, कारण त्यातील नायट्रेटचे रूपांतर अधिक घातक द्रव्यात होऊ शकते. मीठ आणि साखर वर्षभर टाळावी. बाटलीपेक्षा वाटी-चमचा कधीही बरा, कारण तो घासता येतो. अतिसाराचा जोर मुलांच्या आयुष्यात नेमका याच वयात सर्वाधिक असतो आणि तो बहुधा हातातून, भांड्यातून, पाण्यातून येतो. महिन्याचा गर एकदम करून बर्फाच्या साच्यांत गोठविण्याचे सल्ले परदेशी पुस्तकांतून येथे आले आहेत. ज्या गावात वीज दुपारभर जाते त्या गावात ते पाळणे धोक्याचे. तीच गोष्ट फळांची. डहाणू-घोलवडचा चिकू आणि जळगावचे केळे सोडून विमानाने आलेली निळी बोरे बाळासाठी शोधत फिरण्यात पोषणाचा भाग थोडा आणि प्रतिष्ठेचा फार.

या सर्वांतून जी यादी तयार होते तिच्याकडे हिशेबी नजरेने पाहावे. दिवसातून दोनदा, पुढे तीन-चारदा ताजे अन्न शिजवायचे, ते धान्य, डाळ, भाजी, फळ, स्निग्ध पदार्थ असे मिश्र असावे, भांडी उकळायची, आणि मग अर्धा-पाऊण तास बसून, न रागावता, एकेक घास भरवायचा. प्रत्येक वेळी दीड-दोन तास धरले तरी ही जवळजवळ पूर्ण दिवसाची नोकरी होते. ती करणारी व्यक्ती नेमकी त्याच आठवड्यात कचेरीत परत गेलेली असते. आजी असेल आणि तिचे गुडघे साथ देत असतील तर निभते. नसेल तर पाळणाघर, आणि पाळणाघरात बहुधा बिस्किट.

ही सव्वीस आठवड्यांची रजा तरी संघटित क्षेत्रातील मूठभर स्त्रियांची. मराठवाड्यातून उसाच्या तोडीला जाणारी बाई फडात मूल घेऊन जाते. तिला ना रजा, ना चूल वेळेवर पेटण्याची हमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके ११.३ टक्के आढळली. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांपैकी आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू झालेली निम्म्याहून कमी, ४५.९ टक्के. पाच वर्षांखालील बालकांतील रक्तक्षय आधीच्या फेरीत ५८.६ टक्के होता, तो ६७.१ टक्क्यांवर गेला. मोठ्या संख्येने मुले जेथे अशी आहेत, तेथे कारण केवळ दारिद्र्य नसते. सुस्थितीतल्या घरांतही भरविणारा हात आणि वेळ कमी पडतो आहे.

सरकारने या वयासाठी काय केले? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून मिळाले, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. परंतु अंगणवाडीत शिजलेले गरम अन्न मिळते ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहान मुलांसाठी घरी न्यावयाचा कोरडा आहार. म्हणजे ज्या वयात कुपोषण अंगात घर करते, त्या वयाच्या वाट्याला पाकीट. त्या पाकिटांच्या पुरवठ्यात कंत्राटदार नसावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या ऑक्टोबरात दिला होता. त्यानंतर राज्याराज्यांत महिला बचत गटांच्या नावांआडून काय काय चालले, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. महाराष्ट्राने आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपुढील बालकांना अंडी व केळी देण्याचा जो उपक्रम केला तो याहून सुबुद्धपणाचा, कारण अंड्यात भेसळ करता येत नाही आणि केळ्याची साल मुळातच मोहोरबंद असते.

कामाच्या ठिकाणी पाळणाघर असावे, अशी सक्ती पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर २०१७ पासून आहे. आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभाही आहे. कागदावर हे उत्तम. पण शाळेत, बँकेच्या शाखेत, तालुक्याच्या कचेरीत पन्नास माणसे क्वचितच असतात, आणि शिक्षिका व कारकून स्त्रिया नोकरी करतात त्या तेथेच. अशा चार-सहा लहान कचेऱ्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावे, त्यात एक शेगडी आणि एक जबाबदार बाई असावी, याला कायद्याची आडकाठी नाही. पुढाकार कोणाचा, एवढाच प्रश्न आहे. केंद्राने २०२२ पासून पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरविले आहे. ती योजना जेथे नेटाने चालेल तेथे तीन वर्षांखालील मुलांना गरम घास मिळू शकेल.

आणि घरातले पुरुष? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत कायद्याने तेवढीही नाही. ही पंधरा दिवसांची रजा मूल सहा महिन्यांचे होण्याच्या आतच घ्यावी लागते, नाही तर ती बुडते. म्हणजे भोपळा शिजवून तूप घालून भरविण्याचे काम, जे बापाला पहिल्या दिवसापासून करता येण्यासारखे आहे, ते सुरू होते तेव्हा त्याचीही रजा संपलेली असते. सहा महिन्यांची ही अट वर्षापर्यंत नेण्यास तिजोरीतून एक रुपयाही जास्त खर्च होणार नाही. नियमातील एक शब्द तेवढा बदलावा लागेल.